चूक समोरच्याची, बोनस मात्र आपला
दुचाकीच्या अपघातानंतर विम्याचा हप्ता का वाढतो आणि केव्हा वाढत नाही

दुचाकी ही महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय आणि शेतकरी कुटुंबांच्या दृष्टीने चैन राहिलेली नाही, ती दैनंदिन गरज झाली आहे. तिचा विमा मात्र बहुतेकांच्या लेखी अजूनही 'पोलिसांना दाखवायचा कागद' आहे. अपघात होतो, त्यात आपली काहीच चूक नसते, आपण विमा कंपनीकडे दुरुस्तीचा खर्च मागतो आणि पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी हप्ता वाढलेला दिसतो. 'चूक दुसऱ्याची असताना भुर्दंड मला का?' हा प्रश्न तेव्हा साहजिकच पडतो. दुसऱ्या बाजूला, हप्ता वाढेल या भीतीने हक्काच्या नुकसानभरपाईवर पाणी सोडणारेही कमी नाहीत. यातील कोणता दावा हप्त्यावर परिणाम करतो आणि कोणता करीत नाही, याचा हा परामर्श.

एका पॉलिसीत तीन करार

आपण एकच पॉलिसी घेतो. तिच्या पोटात मात्र तीन वेगवेगळी संरक्षणे असतात. पहिले 'थर्ड पार्टी' म्हणजे त्रयस्थ पक्षाचे. आपल्या वाहनामुळे दुसऱ्या व्यक्तीला इजा झाली, तिचा मृत्यू झाला किंवा तिच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई या भागातून होते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार हा विमा सक्तीचा आहे. तो नसताना वाहन चालविल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी २,००० रुपये आणि पुढील गुन्ह्यासाठी ४,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९६ मध्ये आहे.

दुसरे संरक्षण 'ओन डॅमेज', म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे आणि चोरीचे. हा भाग ऐच्छिक आहे. तिसरे 'ओनर ड्रायव्हर'चे, म्हणजे मालक-चालकाचे वैयक्तिक अपघात संरक्षण. त्याची रक्कम २०१८ मध्ये १५ लाख रुपये करण्यात आली. त्यापूर्वी दुचाकीस्वारासाठी ती अवघी एक लाख रुपये होती.

या तिन्ही भागांचे हप्ते वेगळे आकारले जातात आणि दाव्याचा परिणामही वेगवेगळा होतो. बहुतेक गैरसमज हे तीन भाग एकच समजण्यातून निर्माण झालेले आहेत.

थर्ड पार्टीचा दर सर्वांना सारखाच

थर्ड पार्टी विम्याचा हप्ता विमा कंपनी ठरवीत नाही, सरकार ठरविते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार ७५ सीसीपर्यंतच्या दुचाकीला वार्षिक ५३८ रुपये, ७५ ते १५० सीसीला ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये आणि ३५० सीसीवरील दुचाकीला २,८०४ रुपये असा मूळ हप्ता ठरविण्यात आला. त्यावर वस्तू व सेवा कर वेगळा. हा दर इंजिनाच्या क्षमतेवर ठरतो. मालकाचे वय, गाव, त्याने पूर्वी केलेले दावे, अपघातातील चूक यांपैकी कशाचाही त्यात विचार होत नाही. अपघात कोणाच्याही चुकीने झालेला असो, या भागाचा हप्ता त्यामुळे एका रुपयानेही वाढत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. ओन डॅमेजचा भाग मात्र सहसा एकाच वर्षाचा असतो. 'पाच वर्षांचा विमा काढलेला आहे' या समजुतीत अनेक जण दुसऱ्या वर्षी त्याचे नूतनीकरण करीत नाहीत. अपघातानंतर दुरुस्तीचा खर्च मागायला गेल्यावर गाडीला त्या भागाचे संरक्षणच नसल्याचे त्यांना कळते.

'नो क्लेम', 'नो फॉल्ट' नव्हे

हप्ता वाढतो तो ओन डॅमेजच्या भागात. त्याचे मुख्य कारण 'नो क्लेम बोनस' हे होय. वर्षभर दावा केला नाही, तर पुढील वर्षी ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सवलत मिळते. सलग दुसऱ्या दावारहित वर्षानंतर ती २५ टक्के, तिसऱ्यानंतर ३५ टक्के, चौथ्यानंतर ४५ टक्के आणि पाचव्यानंतर ५० टक्के होते. त्यापुढे ती वाढत नाही. २००२ च्या 'इंडिया मोटर टॅरिफ'मध्ये असलेले हे कोष्टक कंपन्यांनी पुढेही कायम ठेवले.

येथे शब्दांकडे नीट लक्ष द्यावयास हवे. ही सवलत 'दावा न केल्याबद्दल' आहे, 'चूक न केल्याबद्दल' नाही. सिग्नलला उभ्या असलेल्या आपल्या मोटारसायकलीला मागून टेम्पोने धडक दिली आणि आपण आपल्याच कंपनीकडून दुरुस्तीचा खर्च घेतला, तरी कंपनीच्या दप्तरी तो दावाच ठरतो. एका दाव्याने पाच वर्षांत जमविलेला बोनस शून्यावर येतो. चूक कोणाची, हा प्रश्न त्या कोष्टकात कोठेही नाही.

दुसरे कारण कमी दिसणारे आहे. १ जानेवारी २००७ पासून ओन डॅमेजचे दर ठरविण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना मिळाले. तेव्हापासून प्रत्येक कंपनी आपल्या अनुभवानुसार मूळ दरावर सूट देते किंवा अधिभार लावते. दाव्यानंतर बोनसबरोबर ही जादा सूटही कमी होऊ शकते. म्हणूनच दाव्यानंतरच्या वर्षी एकाच कंपनीच्या आकड्यावर विसंबू नये. दोन-तीन कंपन्यांचे दर मागवावेत. मात्र नव्या कंपनीला पूर्वीच्या दाव्याची खरी माहिती देणे बंधनकारक आहे. बोनस नसताना तो असल्याचे सांगितल्यास पुढचा दावा अडचणीत येतो.

परदेशात काय होते?

हा नियम सर्वत्र असाच आहे असे नाही. फ्रान्समध्ये 'बोनस-मालुस' पद्धत आहे. अपघाताविना गेलेल्या प्रत्येक वर्षी हप्त्याचा गुणांक ०.९५ ने गुणला जातो. चालकाची पूर्ण चूक असलेल्या अपघातानंतर तो १.२५ ने गुणला जातो. चूक अंशतः असेल तर ही वाढ निम्मी असते. चूक नसलेल्या अपघाताचा गुणांकावर परिणाम होत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात चालकाची चूक नसलेल्या अपघाताबद्दल हप्ता वाढविण्यास कायद्याने मनाई आहे. अमेरिकेतील सर्वच राज्यांत मात्र असे संरक्षण नाही.

आपल्याकडे फरक पडतो तो वसुलीच्या व्यवहारामुळे. आपल्या कंपनीने आपल्याला भरपाई दिली, की चूक करणाऱ्याकडून ती रक्कम वसूल करण्याचा आपला हक्क तत्त्वतः कंपनीकडे जातो. दुचाकीच्या काही हजार रुपयांच्या दाव्यासाठी अशी वसुली करणे तिला परवडणारे नसते. विमा व्यवसायात 'नॉक फॉर नॉक' ही पद्धतही रूढ आहे. दोन विमाधारक वाहनांची धडक झाली, तर प्रत्येक कंपनीने आपापल्या ग्राहकाची गाडी दुरुस्त करून द्यावी आणि एकमेकींकडे मागणी करू नये, असा तिचा आशय. त्यात कंपन्यांचा वेळ आणि वकिलाचा खर्च वाचतो. निर्दोष विमाधारकाचा बोनस मात्र जातो.

हिशेब मांडून पाहू

बोनस गेल्याने नेमके किती नुकसान होते? सोयीसाठी असे धरू, की एका मोटारसायकलीचा ओन डॅमेजचा मूळ हप्ता १,२०० रुपये आहे आणि तो पुढील काही वर्षे बदलत नाही. मालकाला ५० टक्के बोनस असल्याने तो ६०० रुपये भरतो. त्याने दावा केला, तर पहिल्या वर्षी त्याला १,२०० रुपये भरावे लागतील. त्यानंतर दावा झाला नाही, तर दुसऱ्या वर्षी ९६०, तिसऱ्या वर्षी ९००, चौथ्या वर्षी ७८० आणि पाचव्या वर्षी ६६० रुपये. सहाव्या वर्षी तो पुन्हा ६०० रुपयांवर येईल. दरवर्षी पडणारा जादा भार अनुक्रमे ६००, ३६०, ३००, १८० आणि ६० रुपये, म्हणजे एकूण १,५०० रुपये. १८ टक्के कर धरला, तर १,७७० रुपये.

यावरून एक सोपा आडाखा बांधता येतो. ५० टक्के बोनस असलेल्या विमाधारकाचे एका दाव्यामुळे होणारे एकूण नुकसान मूळ ओन डॅमेज हप्त्याच्या सुमारे सव्वापट असते. गाडी पहिल्याच वर्षात असेल, तर ते निम्म्या हप्त्याइतकेच, म्हणजे आपल्या उदाहरणात ६०० रुपये भरते. गाडीचे विमामूल्य दरवर्षी घटत असल्याने प्रत्यक्षात हा आकडा सहसा आणखी कमी होतो.

आता दुसरी बाजू. दुरुस्तीचे बिल कंपनी जसेच्या तसे देत नाही. रबर, प्लॅस्टिक, टायर-ट्यूब, बॅटरी यांवर ५० टक्के घसारा कापला जातो आणि फायबरग्लासच्या भागांवर ३० टक्के. धातूच्या भागांवरील घसारा वयाप्रमाणे वाढतो. पहिले सहा महिने काही नाही, एक ते दोन वर्षांच्या गाडीला १० टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. मजुरीवर घसारा नसतो. शिवाय सक्तीची लहानशी वजावट असते. ती येथे १०० रुपये धरू.

सहाव्या वर्षात असलेल्या गाडीचे बिल ९,००० रुपये झाले. त्यात प्लॅस्टिकचे भाग ४,०००, धातूचे भाग ३,००० आणि मजुरी २,००० रुपये. कंपनीकडून अनुक्रमे २,०००, १,८०० आणि २,००० रुपये मान्य होतील. वजावट जाऊन हाती ५,७०० रुपये येतील. बोनसचे नुकसान १,७७० रुपये धरले, तरी दावा करणे शहाणपणाचे. पण आरसा, इंडिकेटर आणि मडगार्ड मोडून बिल २,४०० रुपये झाले, त्यात १,६०० रुपये प्लॅस्टिकचे आणि ८०० रुपये मजुरीचे, तर हाती १,५०० रुपये येतील आणि बोनसपोटी त्याहून अधिक जातील. अशा वेळी खिशातून खर्च केलेला बरा.

मोटारीच्या तुलनेत दुचाकीचा ओन डॅमेज हप्ता लहान असल्याने बोनसची रक्कमही लहान असते. त्यामुळे 'बोनस जाईल' या धास्तीने मोठ्या दुरुस्तीचा दावा टाळणे दुचाकीस्वाराच्या सहसा हिताचे नसते. काही कंपन्या जादा हप्ता घेऊन 'बोनस संरक्षण' देतात. ते घेण्यापूर्वी वर्षात किती दावे चालतील आणि जादा हप्ता किती, हे पाहून वरच्याप्रमाणे हिशेब करावा.

इजा झाली असेल, तर भीती कशाची?

येथपर्यंतचा हिशेब गाडीचा झाला. माणसाला इजा झाली असेल, तर चित्र अगदी वेगळे असते आणि गैरसमजाची खरी किंमत तेथेच मोजावी लागते.

नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटसारख्या गावाचे कल्पित उदाहरण घेऊ. तेथील शेतकरी मोटारसायकलीवरून मिरचीच्या बाजारासाठी नंदुरबारला निघाला आहे. हा जिल्हा गुजरात आणि मध्य प्रदेशाला लागून असल्याने रस्त्यावर परराज्यातील वाहनांची मोठी वर्दळ असते. अशाच एका गुजरात पासिंगच्या टेम्पोने त्याला मागून धडक दिली. पाय मोडला, हंगाम बुडाला, दवाखान्याचे बिल लाखाच्या घरात गेले. त्याच्या गाडीला केवळ थर्ड पार्टी विमा आहे. 'आपल्या विम्यातून काही मिळणार नाही आणि केस केली तर पुढचा हप्ता वाढेल,' असे कोणी त्याला सांगितले, तर त्यातील पहिले अर्धे वाक्य गाडीपुरते खरे आहे. उरलेले अर्धे चूक आहे.

त्याचा दावा टेम्पोचा मालक, चालक आणि टेम्पोची विमा कंपनी यांच्याविरुद्ध असतो. तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे कायद्याच्या कलम १६६ खाली चालतो. त्याच्या स्वतःच्या पॉलिसीतून एक पैसाही मागितलेला नसल्याने त्याच्या बोनसला धक्का लागत नाही आणि थर्ड पार्टीचा दर तर सर्वांना सारखाच. टेम्पो गुजरातचा असला, तरी दाव्यासाठी त्याला गुजरातेत जावे लागत नाही. अपघात जेथे झाला किंवा अर्जदार जेथे राहतो, तेथील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो.

चूक सिद्ध करण्याच्या फंदात न पडता ठरावीक रक्कम घेण्याचाही मार्ग आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या कलम १६४ नुसार मृत्यू झाल्यास पाच लाख आणि गंभीर दुखापतीस अडीच लाख रुपये मिळतात. मिळकत, वय आणि अपंगत्व पाहता नुकसान याहून मोठे असेल आणि समोरच्याचा निष्काळजीपणा दाखविता येत असेल, तर कलम १६६ चा मार्ग अधिक उपयुक्त ठरतो. धडक देऊन पळून गेलेले वाहन सापडलेच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेनुसार मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात. त्यासाठीचा अर्ज महसूल उपविभागाच्या अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार अपघातग्रस्तास नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख पैसे न भरता उपचार मिळण्याची तरतूद आहे. यांपैकी कशाचाही जखमी दुचाकीस्वाराच्या हप्त्याशी संबंध नाही.

वैयक्तिक अपघात संरक्षणाची रक्कम मात्र स्वतःच्या पॉलिसीतून मागावयाची असते. त्यात चूक कोणाची हे पाहिले जात नाही. मालक स्वतः गाडी चालवीत होता आणि त्याच्याकडे वैध परवाना होता, हे महत्त्वाचे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास पूर्ण रक्कम, तर एक हात, एक पाय किंवा एका डोळ्याची दृष्टी गमावल्यास निम्मी रक्कम मिळते. स्वतः हप्ते भरून घेतलेल्या विम्याचे पैसे मिळाले म्हणून चूक करणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाशी संबंधित एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मृताच्या आयुर्विम्याची रक्कम भरपाईतून वजा करता येत नाही, असा निर्णय दिला होता. गाडीच्या दुरुस्तीचे मात्र तसे नाही. तोच खर्च दोन ठिकाणांहून मिळत नाही. इजेचा दावा करावयाचाच असेल, तर स्वतःच्या कंपनीकडून न मिळालेला गाडीचा खर्च त्याच अर्जात मागता येतो.

मागे बसणाऱ्याचे काय?

दुचाकीवर मागे बसणाऱ्याचा प्रश्न अनेकदा दुर्लक्षित राहतो. चूक दुसऱ्या वाहनाची असेल, तर मागे बसलेली व्यक्ती त्या वाहनाच्या विमा कंपनीकडे भरपाई मागू शकते. चूक आपल्याच चालकाची असेल, तर केवळ थर्ड पार्टी पॉलिसीत तिला संरक्षण नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले. सर्वसमावेशक पॉलिसीत मात्र ती संरक्षित असते, असा खुलासा विमा नियामक प्राधिकरणाने नोव्हेंबर २००९ मध्ये केला.

दुचाकीवर तिघे बसले होते म्हणून भरपाई कापण्याचा प्रयत्नही होतो. तिघांनी बसणे हा वाहतूक नियमांचा भंग आहेच. पण त्यामुळेच अपघात घडला किंवा दुखापत वाढली, हे सिद्ध झाल्याखेरीज भरपाई कमी करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये म्हटले आहे.

चूक नसल्याचा पुरावा

'माझी चूक नव्हती' हे म्हणणे आणि ते कागदावर असणे यांत अंतर आहे. पुढील गोष्टी वेळीच केल्यास ते कमी होते.

• समोरच्या वाहनाचा क्रमांक, चालकाचे नाव आणि विमा कंपनी टिपून घ्यावी. वाहने हलविण्यापूर्वी रस्ता, टायरच्या खुणा आणि दोन्ही वाहनांची छायाचित्रे काढावीत.

• इजा झाली असेल, तर पोलिसांत खबर द्यावी आणि पंचनामा होईल हे पाहावे. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. आपल्या प्रकरणात तो गेला की नाही, याची चौकशी करावी.

• रस्त्यावरच हजार-दोन हजार घेऊन प्रकरण 'मिटवू' नये. दुखणे आठ दिवसांनी बळावले, तर हाती ना पंचनामा असतो ना साक्षीदार.

• रुग्णालयात नोंद करताना 'वाहन अपघात' असा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा. बिले, औषधांच्या पावत्या आणि बुडालेल्या कमाईचा पुरावा जपावा.

• गाडीचा दावा करावयाचा असल्यास कंपनीला तत्काळ कळवावे आणि पाहणी होईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नये. कळवून नंतर दावा मागे घेतल्यास तो रद्द झाल्याचे लेखी घ्यावे, म्हणजे नूतनीकरणाच्या वेळी बोनसबद्दल वाद होणार नाही.

• कलम १६६ खालील अर्जासाठी २०१९ च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली. ती गृहीत धरूनच तयारी करावी.

बोनस टिकविण्याचे नियम

बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकून नवी घेतली, तर कंपनीकडून बोनसचे प्रमाणपत्र घेऊन तो नव्या गाडीला लावता येतो. विमा कंपनी बदलली, तरी तो सोबत येतो. पण पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही, तर एकही दावा न करता तो बुडतो. निष्काळजीपणाने बोनस गमावण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे आणि त्यात दुसऱ्या कोणाला दोषही देता येत नाही.

बोनस चुकीने नाकारला गेल्यास किंवा दावा अकारण अडविला गेल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. विमा नियामक प्राधिकरणाच्या 'बिमा भरोसा' या व्यवस्थेतही तक्रार नोंदविता येते. ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहेच.

एकंदरीत, गाडीच्या नुकसानीचा दावा करताना हिशेब करावा. रक्कम लहान असेल तर बोनस राखावा, मोठी असेल तर निःसंकोच दावा करावा. माणसाच्या इजेच्या बाबतीत मात्र असा हिशेब करण्याचे कारणच नाही. तो दावा चूक करणाऱ्याच्या विम्यातून व्हावयाचा असतो आणि आपल्या हप्त्याला त्याची झळ पोहोचत नाही.